विहिरींचा नकाशा गावाने काढावा

दिवाळी सरली की रब्बीची लगबग सुरू होते. पाभरीची डागडुजी होते, बियाण्याची चौकशी होते, आणि प्रत्येक शेतकरी आपल्या विहिरीच्या काठी उभा राहून आत डोकावतो. पाणी वर दिसले तर गहू, खाली गेलेले दिसले तर हरभरा किंवा करडई, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा नाही. तो अपुरा आहे. विहीर एकट्याची असली तरी तिच्यातील पाणी एकट्याचे नसते. ज्या खडकातून ते आपल्या विहिरीत झिरपते, त्याच खडकातून ते शेजाऱ्याच्या विहिरीत आणि खालच्या अंगाच्या कूपनलिकेतही जाते. शंभर शेतकरी शंभर विहिरींत डोकावतात. परंतु साऱ्या शिवाराच्या पोटात यंदा पाणी किती, हे पाहणारा कोणीच नसतो. मग गहू ओंबीवर आला असता विहिरी तळ गाठतात, आणि बी, खत व मेहनत ही सर्व एका पाण्यावाचून वाया जातात.

प्रस्तुत लेखात मांडावयाचे मत थोडक्यात असे आहे. गावाच्या पाण्याचा नकाशा काढण्याची साधने आता गावाच्या हाती आली आहेत. तो नकाशा कचेरीकडून येण्याची वाट न पाहता गावाने, आणि विशेषेकरून गावच्या शाळेने, स्वतः काढावा. आणि रब्बीच्या पेरणीपूर्वी तो ग्रामसभेत सर्वांसमक्ष वाचावा.

उपग्रहाचा गुंठा

आपल्याकडे जमिनीची मोजणी ३३ फुटांच्या साखळीने होत असे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा तुकडा म्हणजे गुंठा. त्याचे क्षेत्र १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे मिळून एकर होतो. हे गणित शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. आता आकाशातून होणाऱ्या मोजणीकडे पाहू. २०१५ साली युरोपने सेंटिनेल-२ या मालिकेतील पहिला उपग्रह सोडला व २०१७ साली त्याच्या जोडीस दुसरा आला. त्यांनी घेतलेले चित्र लहान लहान चौकटींचे बनलेले असते, आणि त्यातील सर्वांत बारीक चौकट जमिनीवर १० मीटर लांब व १० मीटर रुंद असते. तिचे क्षेत्र भरते सुमारे १,०७६ चौरस फूट. म्हणजे आपल्या गुंठ्याहून ते जेमतेम १३ चौरस फुटांनी कमी! उपग्रह आपल्या शिवाराकडे पाहतो तो जणू गुंठ्यागुंठ्याने पाहतो, आणि असे चित्र दर पाच दिवसांनी, कोणासही, विनामूल्य उपलब्ध होते.

आपल्या देशातही या दिशेने मोठे काम झालेले आहे. १७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाने आपले नकाशे २०१७ पासून नागरिकांस संगणकावर विनामूल्य उतरवून घेण्याची सोय केली. नागपूर येथे १९८८ पासून महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र कार्य करीत आहे. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २००९ साली ‘भुवन’ हे नकाशांचे दालन सर्वांसाठी खुले केले. पूर्वी नकाशे तयार करण्यावर अनेक परवानग्यांचे बंधन असे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने हे निर्बंध पुष्कळ सैल केले. सारांश, जे ज्ञान एके काळी कुलुपात होते ते आता खिशातील मोबाइलवर पाहता येते.

या चित्रांतून काय कळते? हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. या दोहोंतील फरकावरून कोणत्या गुंठ्यात पीक उभे आहे व कोणता उघडा पडला आहे, हे ओळखता येते. पाणी अवरक्त प्रकाश जवळजवळ सर्व गिळते. म्हणून तलाव काळा दिसतो, आणि तो महिन्यामहिन्याने कसा आकसत गेला ते मोजता येते. जानेवारीत शिवारात एकंदर किती एकरांत ओलिताचे पीक आहे, याचा अंदाज वर्षानुवर्षे ताडून पाहता येतो.

काय कळत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पावसाळ्यात ढग आड येतात व नेमक्या गरजेच्या वेळी हे चित्र आंधळे होते. बांधावरच्या चौकटीत अर्धे एकाचे व अर्धे दुसऱ्याचे शेत येते. गहू आणि शाळू यांतला भेद चित्रावरून पुष्कळदा नीट ठरत नाही. तो ठरविण्यास बांधावर जावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, विहिरीत पाणी किती खोल आहे हे हे चित्र मुळीच सांगू शकत नाही. जमिनीच्या वरचा हिशेब आकाशातून होतो. जमिनीच्या पोटातला हिशेब दोरी सोडूनच करावा लागतो.

एका बंधाऱ्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक एका गावी बंधारा पाहावयास गेला होता. नकाशावर ओढ्याची निळी रेघ ठळक होती, उतार योग्य होता, जागा नियमानुसार निवडली होती. बांधकाम चांगले होते. त्याचे छायाचित्र स्थाननिश्चितीसह कचेरीत पोहोचले होते व नकाशावर त्या जागी एक ठिपकाही उमटला होता. परंतु नोव्हेंबर महिन्यातच बंधारा कोरडा पडला होता. जवळच्या शेतात एक वृद्ध बाई कापूस वेचीत होत्या. त्यांना विचारता त्या म्हणाल्या, “इथं पाणी थांबतच न्हाई, दादा. खाली समदा भेगाळ खडक हाय. हितलं पाणी आमच्या विहिरींना न्हाई, टेकडीपल्याडच्या गावाला लागतं. आमच्या सासऱ्यांपास्नं ठावं हाय.” “मग बांधण्यापूर्वी हे सांगितले का नाही?” असे म्हणताच त्या हसल्या. “इचारलं कुनी?”

त्या बाईंचे म्हणणे खरे होते काय? खरे असण्याचा संभव पुष्कळ होता. पण त्याची शहानिशा करण्याचा एकही मार्ग नव्हता. कारण बंधाऱ्याच्या आधी आणि नंतर आसपासच्या विहिरींत पाणी किती होते, याची नोंद ना या गावी होती ना त्या गावी. नकाशापाशी ओढा होता, बाईंपाशी पिढ्यांचा अनुभव होता. या दोहोंस जोडणारा विहिरींचा आकडा मात्र कोणापाशीच नव्हता. सार्वजनिक पैसा खर्च झाला, आणि त्याने कोणाचे भले झाले हे सांगता येईना.

येथेच या लेखाचा मुद्दा आहे. कामांची स्थाननिश्चितीसह छायाचित्रे घेण्याची पद्धत गेल्या दशकात सर्वत्र रूढ झाली. रोजगार हमीच्या कामांची नोंद २०१६ पासून ‘भुवन’वर होऊ लागली. ही पद्धत चांगली आहे; तिने कागदावरची खोटी कामे पकडता येतात. तथापि असे छायाचित्र बंधारा आहे एवढेच सांगते, तो पाणी मुरवितो की नाही हे सांगत नाही. आज आपल्या गावपातळीवरील कार्यकर्त्याच्या मोबाइलमधील नकाशा बहुतांशी कचेरीस हिशेब देण्यासाठी भरला जातो. गावास निर्णय घेण्यासाठी लागणारा नकाशा अद्याप भरावयाचा आहे.

विहिरीच का मोजाव्यात

महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी वाळूतल्याप्रमाणे सर्वत्र सारखे मुरत नाही. ते भेगांत, सच्छिद्र थरांत व वरच्या झिजलेल्या मुरमात साठते. म्हणूनच एका बांधावरील विहिरीस मे महिन्यात पाणी असते आणि शंभर पावलांवरील दुसरी फेब्रुवारीत आटते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात सुमारे चार हजार निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे काम मोलाचे आहे. परंतु राज्यात चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. म्हणजे सरासरीने दहा गावांमागे एक विहीर पडते. तिच्यावरून तालुक्याची प्रकृती कळेल, आपल्या शिवाराची कळणार नाही.

शिवाय या खडकाचे पोट फार लहान आहे. झिजलेल्या बेसाल्टाच्या शंभर भागांत सोडता येण्याजोगे पाणी साधारणतः एक ते तीन भागच असते. दोन भाग धरून हिशेब करून पाहा. १०० हेक्टर म्हणजे सुमारे २५० एकर शिवारातील विहिरींची पातळी सर्वत्र एक मीटरने उतरली, तर त्यातून मिळालेले पाणी भरते २ कोटी लिटर. गव्हास हंगामात ४० सेंटिमीटर पाणी धरले, तर एकरी सुमारे १६ लाख लिटर लागतात. म्हणजे २५० एकरांखालचे एक मीटर पाणी पुरते ते जेमतेम १२ एकर गव्हास! हरभरा जमिनीतील ओलीवर व एकदोन पाण्यांवर येतो. त्याच पाण्यात त्याचे क्षेत्र दुपटीहून अधिक निघेल. विहीर तुडुंब दिसते म्हणून पाणी उदंड आहे असे मानणे किती फसवे आहे, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे.

काम कसे करावे

पहिले काम यादीचे. गावातील प्रत्येक विहिरीस एक क्रमांक द्यावा. विहिरीपाशी झाडाच्या सावलीबाहेर उघड्यावर उभे राहून मोबाइलवर तिचे स्थान नोंदवावे. उघड्या आकाशाखाली मोबाइल साधारणतः पाच मीटरांच्या आत ठिकाण दाखवितो. दाट झाडीत किंवा कड्याच्या पायथ्याशी ही चूक वाढते. म्हणून घाई न करता पडद्यावरील स्थान स्थिर होईपर्यंत थांबावे. मोबाइलने दाखविलेल्या उंचीवर मात्र विसंबू नये. तीत अनेक मीटरांची चूक असू शकते.

दुसरे काम मापाचे. विहिरीच्या कठड्यावर तेलरंगाने एक खूण करावी व दर वेळी त्याच खुणेपासून मोजावे. टोकास वजन बांधलेली, मीटर व सेंटिमीटरच्या खुणा केलेली फीत सोडावी. पाण्यापर्यंतच्या मापातून कठड्याची उंची वजा करावी. उदाहरणार्थ, खुणेपासून पाणी ७.४० मीटरांवर लागले आणि कठडा ०.९० मीटर उंच असला, तर जमिनीपासून पाणी ६.५० मीटर खोल आहे. माप भल्या सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी घ्यावे. रात्री वीज आल्यामुळे पंप चालला असेल तर ती विहीर दुसऱ्या दिवशी मोजावी. नाहीतर उपसा केलेल्या विहिरीचे माप शिवाराचे म्हणून लिहिले जाईल. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या चार महिन्यांत, शक्य तो त्याच आठवड्यात, सर्व विहिरी मोजाव्यात. शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवून रोजचा पाऊस लिहावा. एक हेक्टरावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर, हे सूत्र विद्यार्थ्यांच्या तोंडी असावे.

तिसरे काम नकाशाचे. क्यूजीआयएससारख्या विनामूल्य संगणक प्रणालीत उपग्रहाचे चित्र खाली अंथरून त्यावर विहिरींचे ठिपके मांडता येतात व पाण्याच्या खोलीप्रमाणे त्यांस रंग देता येतात. संगणक नसेल तर अडून बसू नये. गावनकाशाची मोठी प्रत भिंतीवर लावून रंगीत टिकल्या चिकटविल्या तरी तोच अर्थ निघतो. चारपाच हंगामांच्या टिकल्या शेजारी शेजारी पाहिल्या म्हणजे शिवाराचा कोणता भाग आधी आटतो, कोणत्या बंधाऱ्याखालच्या विहिरी खरोखर वर आल्या, हे निरक्षर मनुष्यासही दिसते.

एक सक्त सूचना येथे द्यावयाची आहे. फीत सोडण्याचे काम प्रौढ माणसानेच करावे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ मुलांस नेऊ नये. विद्यार्थ्याने अंतरावर उभे राहून आकडा लिहावा. त्याचे काम वाकून पाहण्याचे नाही, विचार करण्याचे आहे.

शाळेस यात काय लाभ

“शिक्षकांवर आधीच कामांचे ओझे आहे, त्यात हे आणखी एक कशाला?” असा आक्षेप येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. मुलांकडून आकडे गोळा करून ते वर पाठवावयाचे, एवढाच हेतू असेल तर हे काम शाळेने मुळीच करू नये. मुले ही फुकटचे कारकून नव्हेत. परंतु आकडा लिहिणाऱ्या मुलानेच वजाबाकी केली, सरासरी काढली, प्रमाण धरून ठिपका मांडला, आणि दोन विहिरींत फरक का पडला याचे कारण गुरुजींस विचारले, तर गणित, भूगोल व विज्ञान हे तिन्ही विषय एकाच बांधावर शिकून होतात. पुस्तकातील समोच्चरेषा त्याला कळत नसेल; पण आपल्या आजोबांच्या शेतातून पाणी कोणीकडे वाहते ते त्याला ठाऊक असते. तेथून आरंभ केला तर समोच्चरेषा आपोआप कळते. सातवीच्या मुलीने ग्रामसभेत उभे राहून “मार्चमध्ये ओढ्याच्या वरच्या अंगाच्या अकरा विहिरी कोरड्या होत्या” असे सांगितले, तर त्या वाक्याचे वजन कोणत्याही भाषणाहून अधिक असेल.

शेतकऱ्यांनी स्वतः पाणी मोजणे ही केवळ कल्पना नाही. आंध्र प्रदेशात २००३ पासून काही वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी आपल्या विहिरींची पातळी व पाऊस मोजला आणि रब्बीपूर्वी एकत्र बसून पिकांचा विचार केला. राजस्थान व गुजरातमधील काही गावांत ‘भूजल जानकार’ म्हणून तयार केलेल्या गावकऱ्यांनी मोबाइलवर विहिरींच्या नोंदी ठेविल्या. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पावसाच्या मापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची प्रथा सर्वश्रुत आहे. या गावांनी पाणी निर्माण केले नाही. असलेले पाणी किती हे जाणून घेतले, आणि त्याप्रमाणे वागण्याचे ठरविले.

शेतकऱ्याची शंका

“विहीर नकाशावर आली की उद्या तिच्यावर पट्टी बसेल, किंवा उपशावर बंदी येईल,” अशी शंका अनेक शेतकरी बोलून दाखवितात. तिची टवाळी करणे योग्य नाही. माहिती ही ज्याच्या हाती असते त्याचे बळ वाढविते, हे शेतकरी अनुभवाने जाणतो. म्हणून सुरुवातीसच तीन गोष्टी ग्रामसभेत ठरवाव्यात. भिंतीवरील नकाशावर विहिरीचा क्रमांक असावा, मालकाचे नाव नसावे. मूळ नोंदवही ग्रामपंचायतीत अगर शाळेत राहावी व कोणाही गावकऱ्यास पाहता यावी. गावाबाहेर कोणती माहिती द्यावयाची ते ग्रामसभेच्या संमतीने ठरावे. ज्या नकाशाची आपणास भीती वाटते तो खरा भरला जात नाही. आणि खोटा नकाशा हा नकाशा नसण्याहून वाईट. आकडे खरे राहावेत म्हणून दर दहा विहिरींपैकी एक विहीर दुसऱ्या गटाने पुन्हा मोजावी. दोन मापांत वीतभराहून अधिक फरक पडला तर वाद न घालता तिसऱ्यांदा मोजावे.

आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नकाशा पाणी वाटून देत नाही. ज्याची विहीर खोल व पंप मोठा, तो नकाशा पाहूनही ऊस लावू शकतो. मात्र नकाशा नसता हे कोणास दिसत नाही, आणि नकाशा असता ते साऱ्या गावास दिसते. कोणत्याही नियमाचा आरंभ सर्वांस एकच गोष्ट दिसण्यापासून होतो.

ग्राम कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवरील आमच्या बंधुभगिनींस विनंती एवढीच, की आपल्या मोबाइलमधील नकाशा वर पाठविण्यापूर्वी एकदा गावास दाखवावा. ओढ्याची रेघ बरोबर आहे काय, कोणत्या नाल्याने पात्र बदलले, कोणते झरे आटले, हे जुन्याजाणत्या बाया-माणसांस विचारून त्याच नकाशावर लिहावे. बंधाऱ्याची जागा ठरविण्यापूर्वी निदान दोन हंगाम तेथील विहिरी मोजाव्यात, आणि बांधल्यावर निदान तीन हंगाम पुन्हा मोजाव्यात. बंधाऱ्याच्या छायाचित्राशेजारी विहिरींचे हे आकडे असतील तेव्हाच ते काम पूर्ण झाले असे समजावे.

या कामास मोठी तरतूद लागत नाही. एक फीत, एक वजन, रंगाचा एक डबा, एक जाड नोंदवही आणि गावातील एखाद्याचा मोबाइल एवढे पुरे. पाऊस थांबला, विहिरी भरल्या, की ऑक्टोबरात पहिले माप घ्यावे. पहिल्या वर्षी नकाशा फारसे काही सांगणार नाही. दुसऱ्या वर्षी तो प्रश्न विचारू लागेल. तिसऱ्या वर्षी उत्तरे देईल. तोवर गावच्या शाळेतून एक अशी पिढी बाहेर पडलेली असेल, जी पेरणीपूर्वी आपल्या विहिरीत डोकावेल आणि मग भिंतीवरील नकाशाकडेही पाहील.